सत्तावन्न हजारांचं एस्टिमेट आणि कार्पेटखालच्या दोन वायरी

१४ जून २०२४, शुक्रवार. आईला कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. चिपळूणहून सकाळी लवकर निघालो. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर आला. इंजिन व्यवस्थित चालू, गाडी चढतेय, आणि काटा शून्य. पाठोपाठ एबीएसचा (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागला, मग स्टिअरिंगचा. पाच-सात सेकंदांत सगळे दिवे विझले, काटा पुन्हा जागेवर. आईने विचारलं, "काय गं, काय झालं?" मी काही नाही म्हटलं, पण कराड येईपर्यंत माझे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते.

तिथपासून १७ ऑगस्टपर्यंत, म्हणजे दोन महिने, या एका दोषामागे मी फिरले. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, गाडीतलं मला काही कळत नव्हतं. "गाडीतले मॉड्यूल (म्हणजे छोटे कंप्युटर) एकमेकांशी बोलत नाहीत, मॉड्यूल बदलावं लागेल" असं कुणाला सांगितलं गेलं, तर त्या माणसाला निदान काय विचारायचं ते माहीत असावं, म्हणून तारखा आणि खर्चासकट सगळं लिहून ठेवते आहे.

गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मी नवी घेतलेली. तिच्याबद्दलची एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे महत्त्वाची ठरली. २२ जुलै २०२१च्या वाशिष्ठीच्या पुरात ती आमच्या गल्लीत उभी होती. पाणी सीटच्या गादीपर्यंत चढलं होतं. आम्ही चावी लावून बघितली नाही, सरळ टो करून नेली. विम्याचा दावा मंजूर झाला, सीट आणि कार्पेट काढून धुऊन वाळवलं आणि गाडी परत आली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं एकही तक्रार नव्हती. त्यामुळे जूनमध्ये दिवे लागले तेव्हा पुराची मला आठवणसुद्धा झाली नाही.

घाटातून परतल्यावर दुसऱ्या दिवशी घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. त्यांनी बॅटरीची तार काढली, दहा मिनिटांनी परत लावली, दोनशे रुपये घेतले. "रीसेट केलंय, आता येणार नाही." हे करू देऊ नये, हे मला फार उशिरा कळलं. गाडीच्या मेमरीत त्या दिवशीच्या ज्या नोंदी होत्या, त्यातल्या काही अशाने पुसल्या जाऊ शकतात. कुणी कोड (मेमरीतली दोषाची नोंद) पुसायला किंवा बॅटरी काढायला निघालं, तर आधी स्कॅन करून कोड लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा, मग हवं ते करू द्या.

६ जुलैला, शनिवारी, आईला भेटून एकटीच परत येत होते. घाट उतरताना मुसळधार पाऊस. एका वळणावर स्टिअरिंग जड झालं. फिरत होतं, पण एरवी एका हाताने वळतं तिथे दोन्ही हातांनी ओढावं लागलं. दोन्ही दिवे लागलेले, काटा शून्यावर, आणि या वेळी ते गेलेच नाहीत. ब्रेक साधे लागत होते, पण ओल्या उतारावर एबीएसशिवाय चाक लॉक होऊन गाडी घसरू शकते एवढं मला माहीत होतं. पुढच्या रुंद जागेत गाडी लावली. खरं सांगते, पाय थरथरत होते.

पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स होतं. रेंज मिळायला थोडं खाली चालत जावं लागलं. ४ वाजून १० मिनिटांनी फोन लागला, लोकेशनची लिंक आली, टोइंगची गाडी पोचली ६ वाजून ५० मिनिटांनी. माझ्या पॉलिसीत ५० किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट आहे, त्यामुळे खर्च काही आला नाही. टोइंगवाला चारही बाजूंनी फोटो काढतो. आपणही काढावेत, ओडोमीटरचा तर नक्कीच. माझ्या फोटोत ६१,२०४ किलोमीटर दिसतात. हा आकडा पुढे कामाला आला.

रविवार बंद. गाडी सर्व्हिस सेंटरच्या आवारात राहिली, वॉचमनने गेटची पावती दिली. सोमवारी, ८ जुलैला, जॉब कार्ड झालं. डायग्नोसिसचे हजार रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १,१८०. बुधवारी फोन आला.

"मॅडम, एबीएस मॉड्यूल गेलंय. चार-चार युनिट तेच सांगतायत."

एस्टिमेट ५७,६४० रुपयांचं होतं. त्यात सगळ्यात मोठा आकडा एबीएस युनिटचा, मग मजुरी, ब्रेक ऑइल, कोडिंग. अर्धी रक्कम आगाऊ, पार्ट यायला दहा ते बारा दिवस, आणि खाली बारीक अक्षरात: इलेक्ट्रिकल पार्ट एकदा मागवला की परत घेतला जाणार नाही. मी विचारलं, "नवीन बसवूनही दिवे लागले तर?" "नाही लागणार, मॅडम." "पण लागले तर?" त्यावर "मग पुढचं बघू" असं उत्तर मिळालं. मी चार दिवस मागून घेतले.

स्कॅनचा पूर्ण रिपोर्ट मागितला, तर ग्राहकाला देत नाही म्हणाले. वाद घातला नाही. जॉब कार्डवर ग्राहकाच्या सूचनांसाठी जागा असते, तिथे "सर्व मॉड्यूलचा संपूर्ण स्कॅन रिपोर्ट हवा आहे" असं लिहून सही केली, आणि तेच मॅनेजरना ईमेलने कळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीन पानांची पीडीएफ आली. लेखी मागितल्यावर कागद मिळतो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे आणि तो इथेही खरा ठरला.

त्याच दिवसांत विमा कंपनीकडेही विचारणा टाकली होती की, २०२१च्या पुराशी याचा संबंध निघाला तर काही होईल का. सहा दिवसांनी उत्तर आलं: तो दावा बंद झाला आहे आणि झीज किंवा विद्युत बिघाड पॉलिसीत बसत नाही. अपेक्षा नव्हतीच.

दोन रात्री मी ती तीन पानं घेऊन बसले. जेवढं समजलं तेवढं सांगते. आजच्या गाडीत इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, डॅशबोर्ड, दरवाजे-दिवे, प्रत्येकाचा स्वतःचा छोटा कंप्युटर असतो. पूर्वी प्रत्येक सिग्नलला वेगळी तार लागायची. आता हे सगळे एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच वायरींवरून बोलतात. त्या पद्धतीला कॅन म्हणतात, बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे आणली. चाकांचा वेग एबीएस मोजतं आणि त्या दोन वायरींवर सांगत राहतं. डॅशबोर्ड तो ऐकून काटा हलवतो, स्टिअरिंग तो ऐकून किती जोर लावायचा ते ठरवतं. म्हणजे एबीएसचा आवाज बंद झाला की काटा शून्यावर येणार आणि स्टिअरिंग बिथरणार. दोन दिवे लागले, काटा पडला, पण तीन वस्तू बिघडल्या नव्हत्या.

कोडमध्ये पहिलं अक्षर 'यू' असेल तर तो या संभाषणाचा कोड. 'पी' इंजिन-गिअरचा, 'सी' ब्रेक-स्टिअरिंगचा, 'बी' बॉडीचा. माझ्या रिपोर्टमध्ये इंजिन, स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि बॉडी या चौघांकडे एकच कोड होता: यू ०१२१. एबीएसशी संपर्क तुटला. सर्व्हिस सेंटरचं "चार-चार युनिट तेच सांगतायत" ते हेच.

मग मी लेजरच्या कागदावर तक्ता आखला. उभ्या बाजूला तक्रार करणारा, आडव्या बाजूला ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो. दोन खात्यांचा ताळमेळ बसवताना आम्ही करतो तसंच. चार फुल्या एबीएसच्या रकान्यात पडल्या. मग तिसऱ्या पानावर खुद्द एबीएसच्या मेमरीतल्या नोंदी होत्या, जुन्या म्हणून टाकलेल्या: यू ०१००, यू ०१३१, यू ०१४०. इंजिनशी संपर्क तुटला, स्टिअरिंगशी तुटला, बॉडीशी तुटला. आणि प्रत्येक नोंदीसमोर किलोमीटर ६१,२०४. घाटातलेच.

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. बाकी सगळे म्हणत होते एबीएस बोलत नाही, आणि त्याच वेळी एबीएस म्हणत होतं की माझ्याशी कुणीच बोलत नाही. ते मेलं असतं, त्याचा करंट गेला असता, तर त्याने नोंद केली कशी असती? ते जागं होतं. त्याचा रस्ता तुटला असावा. मला खात्री नव्हती, पण सत्तावन्न हजार भरण्याआधी हा प्रश्न कुणाला तरी विचारायला हवा होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये विचारला. ते नम्रपणे म्हणाले की, कंपनीच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी कपलर (वायरी जोडायचा प्लग) तपासलाय, पुढची पायरी युनिट बदलणं हीच आहे. शनिवारी, १३ जुलैला, "ग्राहकाने काम नाकारले, गाडी स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे" या फॉर्मवर सही करून गेट पास घेतला आणि गावातल्या गावात हळू चालवत गाडी घरी आणली. दोष त्या वेळी दिसत नव्हता. येतो-जातो असा दोष माणसाला सगळ्यात जास्त थकवतो, हे तेव्हा कळलं.

मधल्या काळात ८५० रुपयांचं ब्लूटूथवालं स्कॅनर मागवलं. त्याचा मर्यादित उपयोग आहे. बहुतेक साधी ॲप फक्त इंजिनची मेमरी वाचतात, माझंही तेच. यू ०१२१ दिसायचा, पण एबीएसच्या आतलं काही वाचता यायचं नाही. दोष आला की नाही आणि केव्हा आला, एवढं टिपायला बरं.

बहादूरशेख नाक्याच्या पुढे एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पावसाळ्यात त्यांच्याकडे रांग असते. २० जुलैची तारीख मिळाली. मी रिपोर्ट आणि माझा तक्ता पुढे केला. चाचांनी चष्मा लावून तिन्ही पानं वाचली, तक्त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, कोड सांगतो कोण गप्प झालं. का गप्प झालं ते मीटर सांगणार. एबीएसच्या आतला भागही गेलेला असू शकतो, नाही म्हणत नाही. पण तो शेवटी. आधी वायर."

त्यांनी पहिल्यांदा बॅटरी बघितली. उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर १४.१. बॅटरी मरतुकडी असली तरी असे कोड येतात, म्हणून सुरुवात तिथून. मग स्टिअरिंगखाली जे १६ पिनांचं सॉकेट असतं त्यातल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिना. त्या दोन वायरी तिथे येतात. चावी चालू ठेवून एकीवर २.६ व्होल्ट, दुसरीवर २.४. दोन्हींची बेरीज पाचच्या आसपास यायला हवी, म्हणाले, आली.

मग बॅटरीची मायनस काढली आणि चहा मागवला. सगळे मॉड्यूल झोपेपर्यंत थांबावं लागतं, आणि करंट असताना ओहम (वायरीत विजेला होणारा अडथळा) मोजला तर आकडा खोटा येतो. पंधरा मिनिटांनी त्याच दोन पिनांमध्ये मीटर लावलं: ६०.३ ओहम. या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर, म्हणून मधून मोजलं की ६०. एक टोक सुटलं की १२० दिसणार. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्याजवळ. हे गणित मला लगेच पटलं. (काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतलं जाळं यांच्यामध्ये गेटवे असतो, तिथे या पिनांवरून आतलं कळत नाही, असंही त्यांनी सांगितलं.)

"६० आहे म्हणजे आत्ता रस्ता जुळलेला आहे," चाचा म्हणाले. मग त्यांनी बॉनेट उघडून एबीएसचा मोठा कपलर खटका ओढून काढला. मीटर १२०.४. परत लावला, ६०. म्हणजे एक रेझिस्टर एबीएसच्याच पोटात होता. आता कपलर जागेवर असताना कुठेही हात लावून मीटर १२० झालं, तर तुटलेली जागा तीच.

मीटर माझ्या हातात दिलं. त्यांचा पोरगा एबीएसकडून हार्नेस (वायरींची जुडी) धरून एकेक वीत मागे सरकत होता. हलव, दाब, सोड. बॅटरीखाली काही नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) रबराजवळ काही नाही. मग डाव्या दरवाजाखालची पट्टी उचकटली, प्रवाशाच्या पायाजवळचं पॅनेल काढलं, कार्पेट सोललं. तिथे चार-पाच जाड जुड्या एकत्र येतात आणि एक जोड असतो. पोराने त्यावर अंगठा टेकवला. ६०. जरा दाबला.

११९.८.

मी ओरडलेच. त्याने बोट काढलं, ६०. परत दाबलं, ११९.८. चाचांनी मीटर माझ्याकडून घेतलं नाही, फक्त मान हलवली आणि म्हणाले, "आता तुम्ही दाबा." मी खाली बसून दाबलं. पोराने आकडा वाचून दाखवला. पाच आठवडे ज्याची भीती वाटत होती ते माझ्या अंगठ्याखाली होतं.

जोडाची टेप उकलली तेव्हा आत दोन वायरींपैकी एकीवर हिरवट थर होता, कळकलेल्या तांब्यावर येतो तसा. तारेचे बहुतेक धागे खाल्ले गेले होते, दोन-तीन तेवढे शिल्लक. गाडी वळणावर वाकली, पाऊस पडून दमट झालं, की ते सुटत असणार. आणि कार्पेटच्या खालच्या फोममध्ये चिखल होता. पिठासारखा मऊ, करडा. २०२१ साली कार्पेट काढून धुतलं होतं, पण फोमच्या त्या कोपऱ्यात तो राहिला, आणि दर पावसाळ्यात ओल धरत राहिला. बोटावर घेतला तेव्हा त्या दिवसांचा वास आला. पुराचं पाणी ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना तो वास सांगावा लागत नाही. मला तिथे रडू आलं, आणि चाचांनी पोराला पाणी आणायला पाठवलं.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. दोन्ही वायरी चार-पाच सेंटिमीटर कापून काढल्या, चांगलं तांबं लागेपर्यंत. त्याच जाडीचे नवे तुकडे, सोल्डर, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून आवळली. दोन गोष्टी मी मुद्दाम विचारून घेतल्या. दोन्ही वायरींचे जोड एकाच ठिकाणी ठेवले नाहीत, थोडे पुढे-मागे केले, म्हणजे एकमेकींना घासणार नाहीत. आणि पीळ परत दिला. त्या पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि मॉड्यूलला फरक बरोबर कळतो. सरळ वायर जोडून सोडली तर चालेल, पण नवा उपद्रव सुरू होऊ शकतो. नंतर सगळी जुडी पॅनेलवर उंच बांधली, फोमचा तो भाग कापून नवा लावला. डाव्या बाजूचा अर्थिंगचा बोल्टही घासून स्वच्छ केला.

मजुरी १,५००, सामान ३५०, फोम २५०. एकूण २,१००. डायग्नोसिस, पहिलं गॅरेज आणि स्कॅनर धरून सगळा खर्च ४,३३०.

सर्व्हिस सेंटरबद्दल माझ्या मनात राग नाही. पार्ट बदलून दोष गेला की काम संपलं, अशी त्यांची व्यवस्था आहे, आणि तासभर हार्नेस चाचपायला तिथे कुणाला वेळ दिला जात नाही. पण त्यांच्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर वाट दाखवलेली होती. तुमच्याकडे असा कोड आला तर विचारा: ज्या मॉड्यूलवर सगळ्यांचं बोट आहे त्याची स्वतःची मेमरी काय म्हणते? त्याचा करंट आणि अर्थिंग लोड टाकून तपासलं का? ओहम किती आले, आणि हार्नेस हलवताना किती? मॉड्यूल त्यानंतर. आणि गाडीने कधी पुराचं पाणी पाहिलं असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. मी सांगितलं नव्हतं, त्यात दोन आठवडे गेले.

कोड पुसून चाचांनी सांगितलं की, महिनाभर चालवा आणि मग स्कॅनला या, आज मी काही खात्री देत नाही. पहिले दोन आठवडे गावातच चालवली. १७ ऑगस्टला, शनिवारी, आईला घेऊन घाट चढले. पाऊस होताच. ते वळण आलं तेव्हा काटा २८ वर होता आणि तसाच राहिला. आईची ऑपरेशनची तारीख ठरली. सोमवारी चाचांकडे सगळी मॉड्यूल वाचली, कुठेच काही नाही. त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

कापून काढलेला वायरीचा तुकडा आणि तो तक्ता गाडीच्या फायलीत ठेवलाय, २०२१च्या विम्याच्या कागदांच्या मागे टाचून.